एक लाख त्रेचाळीस हजार प्रामाणिक किलोमीटर

लेकीचं, कादंबरीचं, पक्कं लायसन्स टपालाने घरी आलं, त्या संध्याकाळी उन्मेष पोंक्षेला दोन वर्षांपूर्वी दिलेला शब्द काही आपणहून आठवला नाही. तो त्याला आठवून द्यावा लागला.

“बाबा, तू म्हणाला होतास, अठरा पूर्ण झाली आणि लायसन्स आलं की गाडी. दोन्ही झालंय.”

“म्हणालो होतो,” उन्मेषने कबूल केलं.

दोन वर्षांपूर्वी अठरा हा आकडा त्याला फार लांबचा वाटला होता. शिवाय मधल्या काळात आपली कोलकात्याहून बदली होईल आणि त्या गडबडीत गाडीचा विषय मागे पडेल, अशी त्याची अटकळ होती. सरकारी बँकेत चोवीस वर्षं काढलेला माणूस घरातले बरेच प्रश्न बदलीवर सोपवत असतो. या खेपेला बदली आली नाही, मुलगी मात्र वेळेवर अठरा वर्षांची झाली.

गाडीला त्याचा विरोध नव्हता. विरोध होता तो गाडी घेऊन मुलगी नजरेआड होण्याला. कादंबरी घराबाहेर पडल्यावर ती कुठे आहे हे माहीत नसलं, की उन्मेषला जेवण जात नसे आणि फाइलही वाचता येत नसे. तो स्वतः कोलकात्यात एकदाच गाडी घेऊन निघाला होता. गरियाहाटच्या चौकात तीन सिग्नल पडले आणि सुटले तरी तो मधोमधच उभा होता. शेवटी ट्रॅफिक पोलिसाने त्याला हाताला धरून, म्हणजे गाडीसकट, बाजूला घेतलं होतं. तेव्हापासून तो मेट्रोने जाई. त्याच शहरात आपली मुलगी एकटी स्टिअरिंगमागे बसणार, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

“तिच्या फोनवर ते नकाशात दिसायचं लावून घे,” त्याची बायको सुरुची म्हणाली. “मग कळेल तुला कुठे आहे ते.”

“फोनवर लोकेशन लावणार असाल तर मला गाडीच नको,” कादंबरी म्हणाली. “मी काय जामिनावर सुटलेय? आई, मला फक्त कुठेतरी एकटीला जाता यायला पाहिजे. आठवड्यातून दोन तास. कुणाला न सांगता. तेवढंच.”

तेवढंच उन्मेषला नको होतं. पण शब्द दिलेला होता, आणि शब्द फिरवणारा बाप असं नाव व्हायला तो तयार नव्हता. तेव्हा नवी गाडी घ्यायची नाही, जुनी घ्यायची, यावर तिघांचं एकमत झालं. पहिली गाडी ही खांबाला घासण्यासाठीच असते, असं सुरुचीचं म्हणणं पडलं.

पुढच्या रविवारी ते तिघं खिदिरपूरला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. तिथे लालभडक, चकाचक गाडी उभी होती आणि कादंबरी थेट तिच्यात जाऊन बसली. गाडी आठ वर्षांची होती आणि मीटरवर फक्त एकोणीस हजार किलोमीटर होते.

“डॉक्टर साहब की गाड़ी है,” दुकानदार म्हणाला. “सिर्फ संडे को मंदिर जाती थी.”

उन्मेषने आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले होते. त्यामुळे समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याची नजर आपोआप दुसरीकडे जायची. त्याने खाली वाकून ब्रेकचं पेडल पाहिलं. त्यावरचं रबर झिजून खालचं लोखंड चमकत होतं. स्टिअरिंगचं कातडं दोन्ही बाजूंनी हात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं.

“डॉक्टरसाहेबांचं मंदिर काशीला होतं का?” त्याने विचारलं.

दुकानदाराला मराठी कळलं नाही, पण रोख कळला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कादंबरी लाल गाडीतून नाइलाजाने उतरली आणि उन्मेष घरी परतला तो एक सिद्धांत घेऊनच. गाडीचा मीटर मागे फिरवणारे पुष्कळ असतात, पुढे फिरवणारा अजून जन्मलेला नाही. म्हणून मीटरवरचा आकडा जितका मोठा, तितकी गाडी खरी बोलणारी. हा सिद्धांत त्याने आठवडाभर बँकेत, घरी आणि मेट्रोत शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही सांगितला.

तो शेवटी श्यामरावांच्या कानावर गेला. श्यामरावांचा जन्म कोलकात्यातला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून इथला मराठी समाज हाच त्यांचा वर्ग होता. बदलीवर आलेल्या माणसाला घर, शाळा, कामवाली आणि गोडा मसाला या चारही गोष्टी श्यामराव मिळवून देत. बदलीवर जाणाऱ्याचं सामानही तेच मार्गी लावत. पोंक्षेंच्या घरातलं कपाट कुण्या आयकर अधिकाऱ्याचं, जेवणाचं टेबल रेल्वेतल्या एका कुटुंबाचं आणि मिक्सर तर कुणाकुणाचा होऊन आलेला होता. मराठी घरातली वस्तू मराठी घरातच राहावी, हा इथला रिवाजच होता.

“अहो पोंक्षे, तुम्हाला खूप पळालेली गाडी पाहिजे ना?” श्यामराव म्हणाले. “मग फिरताय कशाला? कोळसा कंपनीतला आपला प्रकाश चाललाय भोपाळला. त्याची गाडी आहे. मूळ माझीच ती. मी नवी घेतली, मग विमा कंपनीतल्या सरोजने घेतली, मग प्रकाशने. घरातलीच गाडी.”

ती गाडी वांगी रंगाची होती. असा रंग कंपनीने नेमका कुणाला डोळ्यांसमोर ठेवून काढला होता कोण जाणे, पण अख्ख्या कोलकात्यात त्या रंगाची दुसरी गाडी नव्हती. मीटरवर एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर होते. आकडा पाहून उन्मेषला भरून आलं.

“हायवेला बरीच पळालेली दिसते,” तो म्हणाला.

“हायवे?” प्रकाश म्हणाला. “एकदाही नाही. सगळी कोलकात्यातच.”

इथे उन्मेषने थांबून विचार करायला हवा होता. घर ते ऑफिस सात किलोमीटर असणाऱ्या शहरात एखादी गाडी एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर कुणासाठी पळते, हा प्रश्न कर्जाच्या अर्जात दिसला असता तर त्याने लाल शाईने विचारलाही असता. पण समोर खरं बोलणारा मालक आणि खरं बोलणारा मीटर एकत्र पाहून तो विरघळला. बालीगंजच्या मेकॅनिकने इंजिनाला कान लावून “खूब भालो, दादा” असा निर्वाळा दिला. साठच्या पुढे गेली की गाडी थरथरते, असंही तो म्हणाला, आणि हे तर उन्मेषला हवंच होतं. प्रकाशने किल्ली देताना टाकी भरून दिली, वर पायपुसणी, छत्री आणि लिमलेटच्या गोळ्यांचा डबाही दिला. इतक्या आनंदाने गाडी विकणारा माणूस उन्मेषने पूर्वी पाहिला नव्हता.

गाडी घरी आणताना कादंबरी चालवत होती, उन्मेष शेजारी छताजवळची कडी धरून बसला होता. वाटेत एका साडीवाल्या बाईंनी फुटपाथवरून हात केला. पुढे बसमधून एक गृहस्थ वाकून हसले. घरी पोचेपर्यंत तीन फोन आले. “गाडी तुम्ही घेतलीत वाटतं? आत्ता दिसली रासबिहारीला.”

त्या रात्री जेवताना उन्मेषचा चेहरा उजळलेला होता. कादंबरी हात धुवायला गेली तसा तो हळूच म्हणाला, “सुरुची, इथला एकूण एक मराठी माणूस ही गाडी ओळखतो. पोरगी कुठेही जाऊ दे, मला कळणार. फोन नको, नकाशा नको.”

“आणि हे तिला सांगणार आहेस?”

“कशाला? तिला गाडी मिळाली, मला बातमी.”

पहिला आठवडा उन्मेषच्या आयुष्यातला सुखाचा काळ होता. सकाळी दहाला फोन यायचा, “गाडी कॉलेजसमोर उभी आहे बरं का.” दुपारी यायचा, “लेक तुमची गरियाहाटला दिसली, मैत्रीण होती बरोबर, मुलगा नव्हता.” मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी सहज विचारलं, “गाडी आत्ता कुठे आहे?” तर मिनिटात चार उत्तरं यायची. उन्मेष कर्जाच्या फाइली निवांत वाचायचा. संध्याकाळी कादंबरीने “कॉलेजातच होते” असं म्हटलं, की तो मनातल्या मनात “आणि दोन ते तीन गरियाहाटला” अशी भर घालायचा.

दुसऱ्या आठवड्यात श्यामरावांच्या पत्नीचा, शकुनकाकूंचा फोन आला.

“उन्मेष, कादंबरी गरियाहाटला आहे म्हणे. माझा चष्मा तिथे तयार आहे रे, तेवढा आणेल का? आहेच तिथे म्हणून म्हटलं.”

आणेल की, असं उन्मेष म्हणाला. त्यात काय एवढं. पण गाडी कुठे आहे हे उन्मेषला कळत होतं तसं ते सगळ्यांनाच कळत होतं. आणि मोकळी गाडी अमुक ठिकाणी उभी आहे हे कळल्यावर तिला काम न सांगणं म्हणजे वाया घालवणंच झालं. सरोजताईंचा गुडघा दुखत होता आणि त्यांना आठवड्यातून दोनदा मालिशवालीकडे न्यायचं होतं. मंडळाची हार्मोनियम एका घरून दुसऱ्या घरी जायची होती. कुणाचा चक्का, कुणाचं गॅसचं पुस्तक, कुणाची हावडा स्टेशनवर उतरणारी सांगलीची मावशी. या मावशीला कादंबरीने कधी पाहिलं नव्हतं, पण मावशीला गाडीचा रंग सांगितलेला होता आणि ती दोन बॅगा व तिखटाचा डबा घेऊन बरोबर येऊन बसली.

महिन्याभरात कादंबरीला कोलकात्याचे असे रस्ते पाठ झाले, जे तिथल्या टॅक्सीवाल्यांनाही विचारावे लागतात. ट्रामच्या रुळांवरून गाडी कशी तिरकी काढायची, मिनीबसला कधी वाट द्यायची आणि कधी नाही द्यायची, हे ती शिकली. मीटर एक लाख पंचेचाळीस हजारांवर गेला. सगळं शहर पालथं घालून ती घरी यायची आणि चप्पल न काढताच सोफ्यावर पडायची.

“बाबा,” ती एकदा डोळे मिटून म्हणाली, “मी गाडी मागितली होती. टॅक्सीचं परमिट नव्हतं मागितलं.”

उन्मेषला ते लागलं. त्याला मुलगी कुठे आहे हे हवं होतं, ते तर मिळत होतं. फक्त ती कधीच स्वतःच्या मनाने कुठे गेलेली नसायची. त्याने त्याच दिवशी भोपाळला फोन लावला.

“प्रकाशराव, हे असं किती दिवस चालतं?”

पलीकडून आधी मोठा उसासा ऐकू आला. “मला वाटलं तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचाराल. अहो, बदली झाली म्हणून मी गाडी विकली असं वाटलं का तुम्हाला?”

“मग?”

“बदली मी मागून घेतली.”

नाही म्हणायचं, एवढाच उपाय होता, आणि तोच उन्मेषच्या हातात नव्हता. चार वर्षांपूर्वी ते नवे नवे आले होते तेव्हा सुरुचीला डेंग्यू झाला होता. बारा दिवस शकुनकाकू दोन्ही वेळचा डबा घेऊन आल्या होत्या आणि कादंबरीला रोज शाळेत सोडायला श्यामराव आले होते. ते ज्या गाडीतून आले होते ती वांगी रंगाची होती, हे त्याला आत्ता कुठे आठवलं. त्या माणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की आमची मुलगी दमते?

आणि मग काही न करताच ते मिटलं, असं त्याला वाटलं. तिसरा महिना लागला आणि कादंबरीची कुरकुर बंद झाली. ती कामं करायची, पण गाणं गुणगुणत करायची. मंगळवारी आणि शुक्रवारी तर ती इतकी प्रसन्न असायची की भांडीही घासून टाकायची. सवय झाली पोरीला, असं उन्मेष म्हणाला. सुरुचीने नुसतं त्या घासलेल्या भांड्यांकडे पाहिलं.

मग एका शुक्रवारी दुपारी अडीच वाजता सुरुचीचा बँकेत फोन आला.

“उन्मेष, कादंबरी कुठे आहे माहितीये का तुला? शकुनकाकूंना दोन वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, त्यांनी ऐन वेळी निरोप ठेवलाय. हिला दहादा फोन लावला. बंद येतोय फोन.”

“कॉलेज?”

“साडेबाराला सुटलं.”

उन्मेषने ग्रुपवर विचारलं, “गाडी आत्ता कुठे आहे?” एक मिनिट गेलं, पाच गेली. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या गाडीची कुणालाच खबर नव्हती. उन्मेषने समोरची फाइल मिटली. वरिष्ठांना “घरचं काम” एवढंच सांगून तो जिना उतरला, पुढच्या दाराने एस्प्लनेडच्या गर्दीत शिरला आणि मिळेल ती टॅक्सी पकडली.

पुढचा दीड तास अख्खा मराठी समाज रस्त्यावर होता. श्यामराव शकुनकाकूंना आणि आणखी दोघांना टॅक्सीत घालून दक्षिणेकडे निघाले. सरोजताई दुखऱ्या गुडघ्यासकट खिदिरपूरच्या बाजूला गेल्या. उन्मेष कॉलेजच्या फाटकावर गेला, बालीगंज स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये गेला, गरियाहाटच्या चौकात तर टॅक्सीतून उतरून धावत गेला. या खेपेला सिग्नलचं त्याला भानही नव्हतं. प्रत्येक गर्दीत त्याला अपघात दिसत होता. देवा, गाडी राहू दे, गाडी वाटेल तिथे जाऊ दे, पोरगी तेवढी सुखरूप दे, असं तो पुटपुटत होता आणि टॅक्सीवाला आरशातून त्याच्याकडे पाहत होता.

चार वाजता अनुजाचा फोन आला. ही अनुजा शाळेत शिकवायची आणि शाळा सुटेपर्यंत फोन पाहत नसे.

“काका, ग्रुपवर हे काय चाललंय? गाडी हरवली म्हणजे? गाडी तर तुमच्या बँकेच्या मागच्या आवारात उभी होती की. दोन वाजता मोकळ्या तासाला चेक टाकायला आले होते मी, तेव्हा पाहिली.”

“मग कळवलं का नाही?”

“आता तुमच्याच बँकेत उभी असलेली गाडी तुम्हाला काय कळवायची, काका? मला वाटलं तुम्हीच आणलीय.”

उन्मेष टॅक्सी फिरवून बँकेत आला तेव्हा मागच्या आवारात वांगी रंगाची गाडी शांतपणे उभी होती. भिंतीवर ‘सहायक महाप्रबंधक’ अशी पाटी होती, म्हणजे जागा उन्मेषचीच होती. मेट्रोने येत असल्यामुळे अशी जागा आपल्याला आहे हे तो साफ विसरला होता. गाडीत कुणी नव्हतं.

“दीदी तो हफ्ते में दो बार आती हैं, साहब,” दरवान म्हणाला. “मंगल और शुक्र. गाड़ी लगाती हैं, नमस्ते करती हैं, मेट्रो में उतर जाती हैं. अभी आती ही होंगी.”

उन्मेष गाडीला टेकून उभा राहिला. त्याच्या डोक्यात राग चढत होता. काय काय बोलायचं ते त्याने मनात लावून ठेवलं. तेवढ्यात फाटकातून कादंबरी आली. केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात झालमुडीचा, म्हणजे इथल्या चुरमुऱ्याच्या भेळेचा, रिकामा कागद. बापाला पाहून ती थबकली, पण पळाली नाही.

“कुठे होतीस?”

“फिरत होते.”

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबरच नाही. तेच तर.” तिने कागदाची घडी घातली. “इथून मेट्रोने हावड्याला जाते. ती नदीखालून जाते ना. येताना लाँचने नदीवरून येते बाबूघाटला, मग चालत. दोन तास. तिथे मला कुणी ओळखत नाही आणि कुणी काही आणायला सांगत नाही.”

“आणि गाडी इथे?”

“सगळ्या कोलकात्यात ही एकच जागा आहे, बाबा. दुसरीकडे कुठेही उभी केली की दहा मिनिटांत तुला फोन जातो. मला माहितीये ते. पहिल्या आठवड्यापासून माहितीये. इथे उभी केली की कुणी फोन करत नाही.”

मनात लावून ठेवलेलं सगळं उन्मेष विसरला. तिने दोन तास मागितले होते. ते मिळवण्यासाठी पोरीला बापाच्याच बँकेमागे येऊन लपावं लागलं होतं. त्याला लाज वाटली, आणि ती धडधाकट समोर उभी आहे याचा आनंद त्या लाजेपेक्षाही मोठा होता.

फोन वाजला. श्यामराव होते.

“पोंक्षे, अनुजा सांगतेय ते खरं का? गाडी सापडली? आणि पोरगी?”

उन्मेषने कादंबरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

“माझ्याजवळच आहे,” तो म्हणाला. “दुपारपासून इथेच आहे. मीच बोलावलं होतं तिला. कळवायचं राहून गेलं.”

कादंबरीने मान वर केली. पलीकडून श्यामरावांनी पस्तीस वर्षांच्या मास्तरकीला शोभेल असं झाडलं. बेजबाबदारपणा हा शब्द तीनदा आला. उन्मेष “चुकलंच” म्हणत राहिला. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याने इतकं मोठं खोटं कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं, पण तोंडाने बोलायला ते फार सोपं गेलं.

“बरं, झालं ते झालं,” श्यामराव शेवटी म्हणाले. “आम्ही सगळे तिकडेच येतोय. दहा मिनिटांत पोचू. शकुनला डॉक्टरांनी पाचची वेळ दिलीय, तिथून सरोजला मालिशीला सोडायचं, आणि हार्मोनियमही आज हलवायचीच आहे. गाडी तयार ठेवा.”

“ठेवतो,” उन्मेष म्हणाला.

त्याने कादंबरीपुढे हात केला. तिने किल्ली दिली आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळली. उन्मेषने मात्र ती किल्ली दरवानाच्या हातात ठेवली.

“पिकलेल्या केसांचे एक साहेब येतील,” तो हिंदीत म्हणाला. “त्यांना द्या. म्हणावं, तुमची गाडी तुमच्याकडेच राहू दे. चालवायला तुम्ही स्वतः आहातच.”

“बाबा?” कादंबरी म्हणाली.

“दहा मिनिटं म्हणाले ते. तुझी ती हावड्याची मेट्रो कुठून मिळते?”

ते दोघं जवळजवळ पळतच मेट्रोचा जिना उतरले. नदीखालून जाताना खिडकीबाहेर बोगद्यात निळे दिवे लागले आणि कादंबरीने त्याला कोपराने ढोसून ते दाखवले. हावड्याला त्यांनी झालमुडी घेतली, लाँचची तिकिटं काढली आणि कठड्याशी जागा पकडली. ऊन उतरलं होतं. पाण्यावर झेंडूच्या माळा तरंगत होत्या, आणि आसपास एकही माणूस त्यांना ओळखत नव्हता. आपण या क्षणी कुठे आहोत हे जगात कुणालाही माहीत नाही, ही गोष्ट इतकी हलकी वाटेल याची उन्मेषला कल्पना नव्हती. त्याने तसं मुलीला सांगितलंही. ती हसली आणि तिने त्याच्या हातावर झालमुडी ओतली.

लाँच नदीच्या मध्यावर आली आणि सुरुचीचा फोन आला.

“उन्मेष, श्यामराव गाडीची किल्ली हातात घेऊन तुझ्या बँकेत उभे आहेत आणि तुमच्या दोघांचा पत्ता नाही. कुठे आहात?”

नेमका त्याच वेळी लाँचने लांबलचक भोंगा दिला.

“ट्रॅफिकमध्ये,” उन्मेष म्हणाला.

“हा भोंगा कसला?”

“पुढे ट्रक आहे एक. मोठा. हलतच नाहीये.”

कादंबरीने तोंडावर हात धरून पाण्याकडे तोंड फिरवलं.

“बरं,” सुरुची म्हणाली. “ट्रक धक्क्याला लागला की फोन कर.”